उणे तीनशे तीस

मे महिन्यात सावद्याचा पत्रा नऊलाच तापतो,
म्हणून कटाई पहाटे चारला, कपाळाला बॅटरी बांधून.
सुभान तडवी दांड्यावर विळा ठेवतो,
चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून मान डावीकडे.
त्याआधी पॅकहाऊसच्या दारात अंगठा.
अंगठ्यामागचा प्रोग्राम मी लिहिला.

चौथ्या शनिवारी तो टेबलाशी आला.
पहिल्या तीन शनिवारी आला नव्हता,
हे मला नंतर लागलं.
"ताई, सहा दिवस आलो. कागदात पाचच.
एक दिवस कुठी जाऊ राह्यला?"

घड धुणाऱ्या बायांचे दिवस पुरे होते.
त्या सातला येतात.
गेला होता तो कापणाऱ्यांचाच, दर आठवड्याला, सोमवार.

रात्री यावल रोडच्या खोलीत
मी पंखा बंद करून वाचत बसले.
(कागद उडतात म्हणून. कागद नव्हते.)
तारखेचा ऑब्जेक्ट म्हणजे तारीख नसते मुळी.
आत एकच आकडा असतो,
सत्तर सालच्या जानेवारीपासून साठलेले मिलिसेकंद.
तो आकडा खरा होता.
पहाटेचे चार वाजून सात मिनिटं, सोमवार, सगळं त्यात होतं.
मीच त्याला आयएसओत लिहायला लावला
आणि पुढची दहा अक्षरं कापून घेतली
जशी घडाची वरची फणी कापतात.
पण आयएसओ ग्रीनिचच्या घड्याळात लिहितो.
तिथे अजून रविवार होता, रात्रीचे साडेदहा,
आणि रविवारी कटाई नसते
असं मीच ओळ चाळीसवर लिहून ठेवलेलं,
तर प्रोग्रामनं अंगठा निमूट टाकून दिला.

लॅपटॉपला विचारलं, इथून तिथवर अंतर किती?
म्हणाला, उणे तीनशे तीस.
मिनिटं.
आपण पुढे, आणि तरी उणे.

म्हणजे साडेपाचला गावातून एक रेघ जाते.
अलीकडे कापलेला घड कालचा,
पलीकडे कापलेला आजचा,
आणि रेघेवर सुभान, विळा हातात.

सकाळी नेहेते शेठ म्हणाले,
"पंचांगात तरी काय वेगळं आहे?
सूर्य वर येईतो तिथी कालचीच."
खरं होतं ते.
सुभानच्या घरी तर दिवस मगरिबला पालटतो,
त्याच्या लेखी चारला सोमवार
निम्म्याला येऊन ठेपलेला असतो.
मी म्हटलं, शेठ, तिथीनं उपास धरा.
हजेरी नका धरू.
आणि तेवढ्यात स्वतःचाच आवाज ऐकून दचकले,
कारण पगार तर माझ्याच ओळीनं खाल्ला होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची.
क्षण आहे तसा ठेवायचा, यूटीसीत, हात न लावता.
वाचताना मात्र विचारायचं, कुठला?
उत्तरात एशिया, कोलकाता लिहावं लागतं.
त्या यादीत सावदा नाही, जळगाव नाही, मुंबईसुद्धा नाही.
आमचा सूर्य त्या घड्याळाच्याही सव्वीस मिनिटं मागे,
पण तेवढं सगळ्यांनीच सोडून दिलंय.

चार सोमवारांचे पैसे रोख दिले.
सुभाननं मोजले, एकदाच, खिशात घातले.
"होते कुठी हे, ताई?"
इंग्लंडात, मी म्हटलं. ग्रीनिच म्हणून गाव आहे.
"तिथं केळी होते का?"
नाही.
"मंग माझा सोमवार तिथं काय करू राह्यला होता?"

ओळ बदलली तिथे वर टीप लिहायची असते,
पुढच्याला कळावं म्हणून.
मी दोनदा लिहून खोडली.
आता तिथे एवढंच आहे:
चार वाजून सात. सुभान रुबाब तडवी. सोमवार.